सोनीच्या गोचिडी तुमच्या फरशीत राहतात

आधी प्रश्न थोडक्यात सांगते, म्हणजे इतरांनाही उत्तर लागू करून घेता येईल. जुळे सोलापुरातलं कुटुंब, दोन वर्षांची लॅब्राडोर सोनी, वजन 26 किलो. होळी झाल्यापासून तिच्या अंगावर गोचिडी आहेत. दर रविवारी गोचिडीच्या शांपूने आंघोळ, संध्याकाळी हाताने वेचणं, हे दोन महिने चालू आहे, तरी आठवडा उलटला की पुन्हा तेवढ्याच. सासूबाई म्हणतात तंबाखूचं पाणी लावा. शेजारी म्हणतात मागच्या गोठ्यातल्या म्हशींमुळे होतंय. घरात सहा वर्षांचा मुलगा आणि एक मांजर आहे. आणि तुम्ही विचारलंय, "सगळ्यात जालीम औषध कोणतं?"

मी 22 वर्षं सोलापुरात जनावरांची डॉक्टर म्हणून काम करते. "जालीम" हा शब्द कानावर पडला की मला काळजी वाटते, कारण जालीम औषधाने गोचिडींच्या आधी कुत्रंच गेलेलं मी पाहिलंय. तुमची मेहनत कमी पडत नाहीये. ती चुकीच्या जागी खर्च होतेय. रविवारी आंघोळीत ज्या मरतात त्या मेल्याच. पुढच्या रविवारी दिसतात त्या नवीन असतात, आणि त्या तुमच्या घरातूनच येतात.

आपल्याकडच्या पाळीव कुत्र्यांवर जवळजवळ नेहमी दिसते ती तपकिरी गोचीड. शास्त्रीय नाव रिपिसेफालस सँग्विनियस. गोठ्यात म्हशी-बैलांच्या अंगावर ज्या गोचिडी असतात त्या बहुतांशी वेगळ्या जातीच्या, त्यांना गुरांचंच रक्त लागतं. तेव्हा म्हशींना दोष देऊ नका. ही कुत्र्याची गोचीड आहे आणि माणसाच्या घरात राहायला ती सरावलेली आहे. बाकीच्या बऱ्याच गोचिडींना गवत, झुडूप, ओल लागते. हिला आपली कोरडी हवा, उबदार भिंत आणि झोपलेलं कुत्रं एवढं पुरतं.

ती जगते कशी हे नीट समजून घ्या, पुढचं सगळं त्यावरच आहे. ही गोचीड आयुष्यात तीन वेळा कुत्र्यावर चढते आणि तीन वेळा उतरते. अंड्यातून निघालेलं पिल्लू खसखशीएवढं असतं, सहा पायांचं. ते कुत्र्यावर चढून काही दिवस रक्त पितं, गळून पडतं, फटीत जाऊन कात टाकतं आणि आठ पायांचं, मोहरीएवढं होऊन पुन्हा चढतं. पुन्हा पोटभर पितं, पुन्हा उतरतं, पुन्हा कात. मग तिळाएवढी पूर्ण वाढलेली गोचीड तिसऱ्यांदा चढते. मादी आठवडाभर किंवा त्याहून जास्त रक्त पिऊन एरंडाच्या बीएवढी फुगते. करडी, गुळगुळीत, टचटचीत. बहुतेकांना गोचीड म्हणून ओळखू येते ती एवढीच. ती गळून पडते, फटीत शिरते, दीड-दोन हजारांपासून चार हजारांपर्यंत अंडी घालते आणि मरते. अंडं ते अंडं हा फेरा आपल्या हवेत दोन-तीन महिन्यांत पूर्ण होतो. मधल्या काळात कुत्रं मिळालं नाही तर पूर्ण वाढलेली गोचीड उपाशीपोटी वर्षभर, कधी त्याहूनही जास्त टिकते. बंद घर भाड्याने घेऊन त्यात कुत्रं आणलं आणि चौथ्या दिवशी गोचिडी निघाल्या, अशा तक्रारी येतात त्या यामुळेच.

म्हणजे सोनीच्या अंगावर आज तीस दिसत असतील, तर घरात त्याच्या कितीतरी पट आपल्या पाळीची वाट बघत बसलेल्या आहेत. कुत्रं ही त्यांची खानावळ आहे. मुक्काम घरात.

काही वर्षांपूर्वी बाळीवेशीतल्या एका जुन्या माळवदाच्या घरातून एक कारवानी कुत्रा माझ्याकडे यायचा. पातळ कातडीचा, लांब पायांचा देखणा कुत्रा. महिन्याभरात चार वेळा औषध झालं, तरी दर वेळी कानात झुपका. मालक रोज फिनेलने फरशी पुसत होते, मनापासून करत होते. शेवटी एका दुपारी मी टॉर्च घेऊन त्यांच्या घरी गेले. फरशीवर काहीच नव्हतं. मग भिंतीवरच्या फोटोची चौकट जरा पुढे ओढली. मागे, चौकटीच्या वरच्या कडेला, ओळीने गोचिडी चिकटलेल्या. नंतर लाकडी तुळईच्या आणि मातीच्या भिंतीच्या सांध्यात उजेड टाकला, तर तिथे अंड्यांचे गुंजेएवढे तपकिरी पुंजके. ही गोचीड वर चढते, हे पुस्तकात वाचलेलं होतंच. पण डोक्याच्या वर, जमिनीपासून सहा फुटांवर ती बघितल्यापासून मी कुत्र्याबरोबर घराचीही चौकशी केल्याशिवाय औषध लिहीत नाही.

तुमच्या घरी माळवद नसेल, पण शहाबादी फरशी आहे असं तुम्ही लिहिलंय. तिच्या दरजा बघा. आपल्याकडे अंगणात आणि जिन्याखाली शहाबादी बसवताना दरजा बऱ्याचदा अर्धवटच भरतात. जुनी बँकेची कार्डं असतात तसला पातळ प्लास्टिकचा तुकडा त्या दरजेतून ओढून बघा, काय निघतं ते. त्यानंतर दाराच्या चौकटीमागची फट, गॅसच्या टाकीची जागा, कपाटाचा पाया, सोनी जिथे पाठ टेकून झोपते तिथली भिंत गुडघ्याच्या उंचीपर्यंत, आणि तिच्या अंथरुणाची शिवण.

आता हाताने काढण्याबद्दल. अंगावरच्या काढायच्याच आहेत, पण नीट. बारीक टोकाचा चिमटा घ्या, भुवयांचा चालतो. हातात मोजे घाला, नाहीतर प्लास्टिकची पिशवी गुंडाळा. केस बाजूला करून चिमट्याचं टोक गोचिडीच्या पोटाला न लावता अगदी कातडीलगत, तिच्या तोंडापाशी लावायचं, आणि सरळ वर, सावकाश, एकाच जोराने ओढायचं. झटका नको, पीळ नको. दोन-तीन सेकंद कातडी तंबूसारखी वर येते आणि मग ती सुटते. फुगलेल्या पोटावर दाब दिला तर तिच्या आतलं कुत्र्याच्या रक्तात जायचा धोका असतो. तोंडाचा काळा ठिपका आत राहिलाच तर सुई घेऊन उकरत बसू नका, पोविडोन आयोडीन लावा आणि सोडून द्या. काही दिवसांत तो आपोआप बाहेर पडतो. बारीकशी गाठ आठवडाभर राहिली तरी घाबरायचं कारण नाही.

काढलेली गोचीड झाकणाच्या बाटलीत, स्पिरिटमध्ये टाका. नखावर चिरडू नका. ते रक्त तुमच्या हाताच्या चिरेतून किंवा डोळ्यात जाणं चांगलं नाही. मोरीत वाहून टाकू नका, ती पाण्यात सहजी मरत नाही. आणि फुगलेली मादी अंगणात फेकलीत तर चार हजारांची पेरणी तुम्हीच केलीत असं समजा.

शोधायचं कुठे? कानाच्या आत आणि कानाच्या घडीत, गळपट्ट्याखाली, पायाच्या बोटांच्या बेचक्यात, काखेत, जांघेत, शेपटीखाली, पापणीच्या कडेला. बोटांच्या बेचक्या लोक विसरतात. कुत्रं सारखं पाय चाटत असेल तर आधी तिथे बघा. मात्र पन्नासच्या वर असतील तर वेचायचा हट्ट धरू नका. कुत्रं वैतागतं, चावतं, आणि खसखशीएवढी पिल्लं तुम्हाला दिसतही नाहीत. तिथे औषधच हवं.

औषधाकडे वळण्याआधी सासूबाईंच्या उपायाबद्दल, कारण त्या मायेपोटीच सांगतायत. आपलं शहर विड्यांचं. कितीतरी घरांत पिढ्यान् पिढ्या बायका विड्या वळत आल्या, त्यामुळे घरात तंबाखूचा भुगा असायचा आणि तो गुरांना, कोंबड्यांना, कुत्र्यांना लावला जायचा. तंबाखूतलं निकोटीन कीटक मारतं हे खरं आहे. पण ते कातडीतून कुत्र्याच्या अंगातही जातं, आणि कुत्रं अंग चाटतं तेव्हा पोटात जातं. लाळ गळते, उलट्या होतात, अंग थरथरतं, झटके येतात. तंबाखूच्या पाण्याने आंघोळ घातलेलं तीन महिन्यांचं पिल्लू माझ्या टेबलावर दोन तासांत गेलंय. सासूबाईंना हे सांगा, त्या ऐकतील.

रॉकेल, पेट्रोल, डिंकाचं थिनर, पेटती काडी, यातलं काहीही नको. कातडी भाजते, आणि चटका बसलेली गोचीड सुटण्याआधी जखमेत लाळ सोडते. लसूण खाऊ घालायचा उपाय फोनवर फार फिरतो. लसणाने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात, आणि गोचिडींच्या एका आजारातही नेमकं तेच होतं. कडुनिंबाच्या पाण्याने आंघोळ घालायला माझी ना नाही, खाज कमी होते, पण चिकटलेली गोचीड त्याने सुटत नाही.

सर्वात जास्त धास्ती मला वाटते ती डाळिंबाच्या बागेतल्या उरलेल्या बाटलीची. सांगोला, मोहोळ, पंढरपूर या भागातून अशी कुत्री येतात. फवारणीचं औषध अंदाजाने बादलीत टाकलेलं असतं. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला फेस, श्वास घुरघुरतोय. वेळेत आलं तर ॲट्रोपिनने वाचतं. नेहमी वेळेत येत नाही. गुरांसाठीची गोचिडीची औषधंही डॉक्टरांनी प्रमाण लिहून दिल्याशिवाय कुत्र्याला लावू नका. आणि कोणी "एक आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन मारू" म्हणालं तर नको म्हणा. या गोचिडीवर त्याचा भरवसा नाही, आणि कोली, काही जर्मन शेफर्ड यांना ते जिवावर बेततं.

मग द्यायचं काय? सोनीसारख्या तरुण, धडधाकट कुत्रीला मी तोंडाने द्यायची चावण्याची गोळी सुचवते. ब्रावेक्टो, नेक्सगार्ड, सिम्पारिका ही आपल्याकडे मिळणारी नावं. आतलं औषध वेगवेगळं, पण कुळ एकच. गोचीड चावली की रक्ताबरोबर औषध तिच्या पोटात जातं आणि दिवसभरात ती मरते. नेक्सगार्ड आणि सिम्पारिका दर महिन्याला. ब्रावेक्टो 12 आठवड्यांचं म्हणून विकलं जातं, पण तपकिरी गोचिडीसाठी, आणि त्यातही घर भरलेलं असताना, मी 8 आठवडेच धरते. 26 किलोला ब्रावेक्टोची 20 ते 40 किलोची गोळी बसते. जेवणाबरोबर द्या, उपाशीपोटी ती नीट शोषली जात नाही. मोठ्या कुत्र्याची गोळी आणून दोन कुत्र्यांत अर्धी-अर्धी करू नका, औषध दोन्ही तुकड्यांत सारखं असेल याची खात्री नसते. कुत्र्याला पूर्वी कधी फिट आली असेल तर ही गोळी देण्याआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं, या कुळाने झटके येऊ शकतात. पिल्लू आठ आठवड्यांपेक्षा लहान किंवा दोन किलोच्या आत असेल तर ही गोळी नाही.

गोळी महाग आहे, मला माहीत आहे. पण दोन महिन्यांत शांपू, पावडर, फवारे यांवर तुमचा किती खर्च झाला तो एकदा मांडून बघा.

गोळी परवडत नसेल तर फिप्रोनिलचा फवारा हा दुसरा चांगला मार्ग. यात चूक होते ती प्रमाणात. वजनाच्या दर किलोला 3 ते 6 मिली लागतो, म्हणजे सोनीला एका वेळी किमान 80 मिली. लोक 100 मिलीची बाटली आणून पाठीवर चार फवारे मारतात, बाटली वर्षभर पुरवतात आणि औषध चालत नाही म्हणतात. केस उलटे करून कातडीपर्यंत ओलं व्हायला हवं, पोट आणि बेचक्यांसकट. मानेवर थेंब टाकायच्या औषधांना आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस आंघोळ नको. तुम्ही दर रविवारी शांपू करत राहिलात तर तेही धुऊन जाईल. अमित्राझच्या पाण्याने आंघोळ हा जुना उपाय चालतो, मी अजूनही देते, पण त्याने कुत्रं सुस्तावतं, मधुमेही किंवा गाभण कुत्रीला तो द्यायचा नाही, आणि प्रमाण डॉक्टरांकडूनच घ्यायचं.

तुमच्याकडे मांजर आहे, म्हणून हे ठळकपणे लिहिते. परमेथ्रिन असलेलं कुत्र्याचं औषध मांजरीला विष आहे. तिला लावायचं तर नाहीच, पण नुकतंच असं औषध लावलेल्या कुत्र्याच्या कुशीत झोपून, त्याला चाटूनही मांजरी मेल्या आहेत. अमित्राझही तिच्यापासून लांब ठेवा. तुमच्या घरासाठी गोळी बरी म्हणते त्याचं हेही एक कारण.

आता घर. सोनीचं अंथरूण म्हणजे जुनी सोलापुरी चादर, तुम्ही लिहिलंत. फार चांगलं अंथरूण आहे, कारण ती उकळत्या पाण्यात टाकता येते. गादी, उशी, गोणपाट असेल तर काढून टाका. चादर आठवड्यातून एकदा उकळत्या पाण्यात बुडवून गच्चीवर कडक उन्हात वाळवा. चैत्र-वैशाखात आपली गच्ची जी तापते तिचा एवढा तरी उपयोग करून घ्या. नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे रोज फरशी धुवा असं मी सांगणार नाही. त्यापेक्षा झाडू आणि व्हॅक्यूम क्लीनर फटींवरून फिरवा, आणि जमा झालेला कचरा पिशवीत बांधून उन्हात तापवून टाका.

दरजा आणि फटी पांढऱ्या सिमेंटने भरून घ्या. हे काम एकदाच, गवंड्याचा अर्धा दिवस, पण माझ्या अनुभवात एवढा टिकाऊ उपाय दुसरा नाही. भरण्याआधी पेस्ट कंट्रोलवाल्याकडून डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन फटींत, चौकटीमागे, भिंतीच्या तळापासून तीन-चार फुटांपर्यंत मारून घ्या. वाळेपर्यंत मूल, सोनी, मांजर सगळे घराबाहेर. माशांची टाकी असेल तर तीही हलवा. अंडी या फवाऱ्याने मरत नाहीत, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा, आणि गरज पडली तर तिसऱ्यांदा.

गोळी दिल्यावरही पहिले काही आठवडे सोनीच्या अंगावर गोचिडी दिसतील. इथे लोकांचा धीर सुटतो. फटीतून नवीन चढतायत, चावतायत आणि मरतायत, असं चाललेलं असतं. औषध घातलेली सोनीच तुमचं घर रिकामं करत असते. एक पूर्ण फेरा, म्हणजे तीन महिने, एकही दिवस खंड पडू देऊ नका. आणि गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, थंडीत, गोचिडी कमी झाल्या म्हणून औषध थांबवू नका. त्या गेलेल्या नसतात, थंडीने त्यांचा फेरा लांबलेला असतो. शिवरात्रीनंतर उन्हं तापायला लागली की त्या सगळ्या एकदम हजर होतात. तुमच्याकडे होळीला सुरुवात झाली, ती बहुधा अशीच.

तुम्ही शेवटी सहज म्हणून एक ओळ लिहिलीय, "ती चार दिवस जेवण अर्धंच करतेय." माझ्यासाठी तीच ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे. या गोचिडीतून एर्लिकिया नावाचा जंतू जातो, आणि त्यासाठी ती अंगाला दिवस-दोन दिवस नव्हे, काही तास चिकटलेली पुरते. आठ ते वीस दिवसांनी ताप, मलूलपणा, डोळ्यांत चिकटा. मग कधीकधी कुत्रं आपोआप बरं दिसायला लागतं, आणि काही महिन्यांनी नाकातून रक्त येतं किंवा पोटावर लाल-जांभळे ठिपके उठतात. जर्मन शेफर्डला हा आजार फार जड जातो. दुसरा आजार बॅबेसिया या जंतूचा. त्यात तांबड्या पेशी फुटतात, हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी कोऱ्या चहासारखी होते.

या आठवड्यातच सोनीचं रक्त तपासून घ्या. प्लेटलेट म्हणजे काय हे डेंग्यूमुळे आता घराघरात माहीत आहे. कुत्र्याच्या साधारण 2 ते 5 लाख असतात, एर्लिकियात त्या पन्नास हजारांच्याही खाली गेलेल्या मी पाहते. सोबत काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा, ते रक्त कानाच्या टोकातून घेतलं तर बॅबेसिया सापडायची शक्यता जास्त. एर्लिकिया निघाला तर डॉक्सिसायक्लिन लागेल, आणि ते 28 दिवस. चौथ्या दिवशी कुत्रं उड्या मारायला लागतं आणि गोळ्या बंद होतात. मग सहा महिन्यांनी तेच कुत्रं अस्थिमज्जा सुकलेल्या अवस्थेत येतं, तेव्हा माझ्या हातात फारसं काही उरत नाही. डॉक्सिसायक्लिनची गोळी भरल्या पोटी द्या, पण दूध-भाकरीबरोबर नको, दुधाने तिचं शोषण कमी होतं. भाकरी मटणाच्या अळणी पाण्यात कुस्करून द्या, कांदा-लसूण नसलेल्या. पपईच्या पानांचा रस याच्या जागी चालणार नाही.

रोज सकाळी सोनीचा ओठ वर करून हिरडी बघा. गुलाबी हवी. बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांत रंग परत यायला हवा. फिकट दिसली किंवा लघवी गडद झाली तर रविवार आहे म्हणून थांबू नका.

मुलाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. ही गोचीड माणसाला क्वचित चावते, पण चावते, आणि तिच्यातून ताप येऊ शकतो, अंगावर पुरळ उठतं, तळहात-तळपायांवरसुद्धा. त्याने सोनीला मिठी मारायला हरकत नाही. पण तिची गोळी चालू होऊन घराचा फवारा होईपर्यंत तिच्या चादरीवर लोळू देऊ नका, आणि झोपण्याआधी त्याचं डोकं, कानामागे, काखा बघत जा. पुढच्या काही आठवड्यांत त्याला ताप आला तर मुलांच्या डॉक्टरांना आपणहून सांगा की घरातल्या कुत्रीला गोचिडी आहेत. ते विचारतीलच असं नाही.